हात वर होईपर्यंत

दरवर्षी शाळा सुरू झाल्या की ते परिपत्रक येतं. शाळा सुरक्षा आणि आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा अद्ययावत करून तातडीने सादर करावा. सोबत छापील नमुना असतो. इमारत कधी बांधली, दारं किती, दवाखाना किती लांब, सर्पदंशावरची लस कुठं मिळते, असं सगळं भरत भरत आपण खाली येतो आणि एका रकान्यात विचारलेलं असतं, 'संकटाची सूचना देणाऱ्या व्यक्तीचे नाव'. गेली तीन वर्षं मी पणदऱ्याच्या शाळेत आहे. तिन्ही वर्षं त्या रकान्याशी आलो की माझा हात आपोआप 'फु' काढतो. मग तो खोडायचा, शेजारी सही करायची आणि दुसरं नाव लिहायचं. आमचे केंद्रप्रमुख म्हणाले, "गुरुजी, दरवर्षी त्याच जागी खाडाखोड कशी होते हो तुमची?" मी म्हटलं, "वय झालं साहेब." ते हसले. मीही हसलो.

फुलाबाई आमच्या आधीच्या शाळेत स्वयंपाकी होती. इंदापूर तालुक्यात, बावड्याच्या अलीकडं नीरेच्या बाजूला एक वस्ती आहे, तिथली चौथीपर्यंतची शाळा. मी मुख्याध्यापक, जोडीला जाधवबाई, अडतीस मुलं आणि पोषण आहार शिजवायला फुलाबाई. कागदावर तिचं पद 'स्वयंपाकी तथा मदतनीस' असं होतं. मुलं तिला मावशी म्हणत, मीही मावशीच म्हणायचो. अंगानं बुटकी, रंगानं काळी, कासोट्याचं लुगडं नसलं तरी पदर कमरेला असा घट्ट खोचलेला की बाई आत्ता कुणाशी तरी भांडायला निघालीय असं वाटावं. आणि पुष्कळदा ती निघालेली असायचीही.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल मी तिला कधी बोलताना ऐकलं नाही. ती बोलायची माहेराबद्दल. माहेर पणदरे. जगातली प्रत्येक चांगली गोष्ट पणदऱ्याची असायची. तांदळात खडा निघाला की, "आमच्या पणदऱ्याला असला तांदूळ गुरं बी खात न्हाईत." पावसानं ओढ दिली की, "आमच्या पणदऱ्याला कवा कॅनालला पानी न्हाय असं झालं न्हाय." एकदा जाधवबाईंनी चेष्टेनं विचारलं, "मावशी, एवढं चांगलं होतं तर इकडं कशाला आलात?" फुलाबाई पीठ मळता मळता म्हणाली, "बाई, तुमी काय सोत्ताच्या मनानं आलाय व्हय हितं? बदलीच झाली की तुमची. माझी बी बदलीच." त्यानंतर जाधवबाईंनी तिची चेष्टा करायची सोडून दिली.

पोषण आहाराचा एक नियम आहे. मुलांना वाढायच्या आधी शिक्षकांनी चव घ्यायची आणि चव नोंदवहीत शेरा लिहायचा. आता खरं सांगायचं तर सगळ्या महाराष्ट्रात त्या वहीत एकच शेरा असतो, 'चव चांगली'. मीही तेच लिहायचो, कधी कधी आठवड्याचा एकदम. फुलाबाईला वाचता येत नव्हतं. पण बाई हुशार. तिनं चौथीच्या एका मुलीला धरलं आणि महिन्याची वही मोठ्यानं वाचून घेतली. मग वही घेऊन थेट माझ्या वर्गात.

"गुरुजी, मंगळवारी काय खाल्लं तुमी?"

"खिचडी."

"कशी हुती?"

"चांगली होती की."

"खारट हुती. पोरांनी दोन-दोन तांबं पानी पिलं. आन तुमी लिवलंय चांगली. बुधवारी चांगली, गुरुवारी चांगली. मी काय देवाचा परसाद रांधतीया का? खरं काय ती लिवा."

सगळा वर्ग दात काढून बघत होता. मी तिथल्या तिथं मंगळवारपुढं लिहिलं, 'मीठ जास्त'. त्या दिवसापासून ती चव घेताना समोर उभी राहायची, हनुवटी वर करून. बोलायची काही नाही, नुसती हनुवटी वर. म्हणजे काय ते सांगा. आमची वही मग वाचण्यासारखी झाली. 'वाटाणा कच्चा.' 'हळद जास्त, वास चांगला.' 'आज उत्तम, मुलांनी परत मागून घेतली.' तपासणीला आलेल्या साहेबांनी हे वाचून विचारलं, "अहो, स्वतःच्याच शाळेविरुद्ध कशाला लिहिता?" मी स्वयंपाकघराकडं बोट दाखवलं. साहेब तिकडं गेले आणि दोन मिनिटांत परत आले. काय बोलणं झालं ते त्यांनीही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

शाळेची घंटा म्हणजे तव्यांच्या नांगराचा एक बाद झालेला लोखंडी तवा. कुणीतरी ट्रॅक्टरवाल्यानं दिलेला. तो आधी व्हरांड्यात टांगलेला होता. वाजवायचं काम फुलाबाईकडं होतं, कारण मुलांच्या हातात तो वाजवायचा बोल्ट दिला की तास लवकर सुटायचे. पण चुलीवरून उठून व्हरांड्यापर्यंत जायचं म्हणजे तेवढ्यात खिचडी तळाला लागते, अशी तिची तक्रार. शेवटी मीच तो तवा उतरवून स्वयंपाकाच्या शेडच्या दारात, पत्र्याखालच्या आडव्या नळीला तारेनं बांधून दिला. तार मी माझ्या हातानं पिळली. ती पक्की बसली की नाही ते लोंबकळून बघितलं होतं.

ही पत्र्याची शेड जुन्या खोलीला टेकून होती. जुनी खोली म्हणजे दगड-मातीत बांधलेली, शाळेची पहिली खोली. भिंतीला बाहेरच्या अंगानं पोट आलेलं. मी आलो तेव्हाच तिला कुलूप होतं आणि दारावर रंगवलेलं होतं, 'धोकादायक. आत जाऊ नये.' ती पाडायची तर परवानगी लागते. सरकारी भाषेत त्याला निर्लेखन म्हणतात. त्याचा प्रस्ताव माझ्या आधीच्या गुरुजींनी केला होता, मी दोनदा केला. एकदा फोटो कमी होते म्हणून परत आला, एकदा ठरावाची प्रत पुसट होती म्हणून. मुलांना मी त्या बाजूला फिरकू देत नसे. शेडची मागची भिंत म्हणजे त्याच खोलीची भिंत होती हे मला रोज दिसत होतं. पण मुलं काही शेडमध्ये जात नाहीत, असं मी मनाला सांगायचो. असं सांगितलं की मन गप्प बसतं.

मग एका वर्षी आराखड्याचं फारच जोरात आलं. इंदापूरला प्रशिक्षण झालं. नकाशा, बाहेर पडण्याचे मार्ग, प्रथमोपचार गट, आणि मुख्य म्हणजे रंगीत तालीम. शेवटी एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला असा एक तयार आराखडा मोबाईलवरून वाटला. फक्त शाळेचं नाव बदलायचं. मी तो छापून आणला आणि मधल्या सुट्टीत जाधवबाईंना वाचून दाखवू लागलो. पाचव्या पानावर आलं, 'समुद्रास उधाण आल्यास मुलांना उंच टेकडीवर न्यावे.' कुठल्या तरी कोकणातल्या शाळेचा तो आराखडा. फुलाबाई भांडी घासत ऐकत होती.

"गुरुजी, समुद्र कुठं आला वो हितं?"

"छापलंय तसं, मावशी."

"आमच्या पणदऱ्याला बी समुद्र न्हाय. आन हितं टेकडी तरी कुठं हाय? उसात न्यायचं का पोरांना?" मग हात पुसत जवळ आली आणि म्हणाली, "खोटं नगा लिवू. आपल्या शाळेचं आपल्या हातानं लिवा. मीठ कमी तर कमी."

मला लाज वाटली. रविवारी घरी बसून मी आमच्या शाळेचा आराखडा लिहून काढला. साप, वीज, गॅस, नीरेचा पूर, रस्त्यावरून जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या. प्रत्येकाला काम ठरवलं. जाधवबाई पहिली-दुसरी बाहेर काढणार, मी तिसरी-चौथी. ध्वजस्तंभापाशी इयत्तावार रांगा. मी मोजणार. आणि संकटाची सूचना देणारी व्यक्ती, फुलाबाई. तिला ते वाचून दाखवलं तेव्हा तिनं विचारलं, "म्हंजी माझं नाव सरकारात जानार?" मी म्हटलं, "थेट मंत्रालयापर्यंत." त्या दिवशी तिनं खिचडीवर घरनं आणलेली कोथिंबीर घातली.

पहिली रंगीत तालीम म्हणजे निव्वळ फजिती होती. फुलाबाईनं तवा वाजवला आणि अडतीस पोरं ताटल्या घेऊन शेडसमोर रांगेत उभी राहिली. वर्षानुवर्षं तवा वाजला की जेवण, दुसरं त्यांना काय ठाऊक? जाधवबाई हसून हसून खाली बसल्या. फुलाबाई ओरडत होती, "अरं आग लागलीया मेल्यांनो, जेवताय काय!" तेव्हा ठरलं की संकटाचा ठोका वेगळा. जेवणाला तीन ठोके, प्रार्थनेला एक लांब, आणि संकटाला न थांबता, सलग. सलग वाजतंय तोवर संकट आहे. थांबलं की संपलं, परत वर्गात. मुलांना हे लगेच समजलं.

दुसऱ्या तालमीत काय झालं ते मात्र मला नीट सांगितलं पाहिजे. तवा सलग वाजत होता, मुलं बाहेर पडत होती, पहिलीची चार-पाच जणं अजून व्हरांड्यात होती आणि मध्येच आवाज बंद झाला. झालं, सगळी पोरं वळली आणि वर्गात पळाली. मी रागानं शेडकडं गेलो. फुलाबाई मनगट चोळत उभी होती.

"हात भरून आला, गुरुजी. वाईच थांबले."

"वाईच थांबून कसं चालेल? मुलं परत आत गेली ना! खरी आग असती तर?" मी चांगलाच तापलो होतो. मुलं ऐकत होती, जाधवबाई ऐकत होत्या. "मी तिकडं मोजतो. सगळी भरली की मी हात वर करतो. माझा हात वर होईपर्यंत थांबायचं नाही. काहीही झालं तरी थांबायचं नाही. कळलं का?"

एवढी तोंडाची फटकळ बाई, पण नुसती मान हलवली. मी जायला वळलो तेव्हा मागून म्हणाली, "आन गुरुजी, मी कवा भाईर पडायचं?"

"तुम्ही तर बाहेरच असता की मावशी, दारात," मी म्हणालो आणि गेलो.

हे वाक्य मी किती वेळा आठवलं असेल त्याला गणती नाही. चालता चालता बोललो होतो. मागं वळूनही बघितलं नव्हतं.

त्यानंतर ती कधी थांबली नाही. हात बदलायची, पण ठोका तुटू द्यायची नाही. वाजवता वाजवता माझ्याकडं बघायची, हनुवटी वर करून. झालं का? मी मोजून हात वर करायचो आणि मगच तवा गप्प व्हायचा. मी एकदा मोजत नसे, दोनदा मोजायचो. मला त्याचा अभिमान होता. एकदा तालुक्याहून साहेब मंडळी बघायला आली. सगळी मुलं दीड मिनिटात बाहेर, रांगा सरळ, कुणी हू की चू नाही. साहेबांनी आमच्या आराखड्याला आदर्श म्हटलं आणि ध्वजस्तंभापाशी सगळ्यांचा फोटो काढला. फुलाबाई त्या दिवशी इरकली नेसून आली होती. पण तवा वाजवून झाल्यावर ती खिचडी ढवळायला आत गेली आणि आम्ही तिला हाक मारायची विसरलो. दुसऱ्या दिवशी तिनं फोटो मागून घेतला, लांबून धरून पाहिला आणि म्हणाली, "चांगला आलाय. पोरं कशी गुनाची दिसत्याती." तिचा एकही फोटो माझ्याकडं नाही. शाळेकडंही नाही.

त्या वर्षी परतीचा पाऊस तीन दिवस लागून होता. चौथ्या दिवशी उघडलं. ऊन पडलं, पोरं चिखल तुडवत शाळेत आली. हजेरी घेतली, अडतीसच्या अडतीस. आदल्या तीन दिवसांत निम्मी शाळा रिकामी होती, म्हणून भरलेला पट बघून मला बरं वाटलं. अकराच्या सुमारास, जाधवबाई पहिलीच्या मुलांचे चिखलाचे पाय धुवायला बाहेर गेल्या असताना, दुसरीतली ईश्वरी दाढ दुखते म्हणून रडायला लागली. तिची आजी शेजारच्याच रानात होती, तिला बोलावून मी पोरगी तिच्याबरोबर घरी पाठवली. फळ्याच्या कोपऱ्यात उपस्थितीचा आकडा असतो, तो बदलायचा. तेवढ्यात चौथीतल्या दोघांची मारामारी सुटली, मी तिकडं गेलो, आणि आकडा तसाच राहिला.

साडेअकराला फुलाबाईनं शेडच्या दारातून हाक मारली, "गुरुजी, चव बघायला या."

"आलो," मी म्हणालो. उठलो मात्र नाही, शेवटचं गणित फळ्यावर उतरवत होतो.

आणि तवा वाजायला लागला. सलग.

त्या दिवशी तालीम नव्हती. जाधवबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मी त्यांच्याकडं. पण मुलं आमच्यासाठी थांबली नाहीत. ती उठली, रांग धरली आणि चालू लागली. अगदी शिकवलं होतं तसं. मैदानावर येऊन मी शेडकडं पाहिलं. फुलाबाई दारात उभी होती आणि तव्यावर बोल्ट मारत होती. तिनं मोकळ्या हातानं मागं, जुन्या खोलीकडं खूण केली. भिंतीवरनं माती भुरूभुरू गळत होती. तीन दिवसांच्या पावसानं पोट आणखी पुढं आलं होतं. शेडच्या आतल्या बाजूला फळीवरचे डबे खाली पडलेले मला दिसले. त्यांचाच आवाज तिनं आधी ऐकला असणार.

मी मोजायला लागलो. सदतीस.

परत मोजली. सदतीस. फळ्यावर लिहिलेले अडतीस डोळ्यांसमोर होते. "कोण नाही? कोण कमी आहे?" मी ओरडत होतो, जाधवबाई रांगांमधून पळत होत्या, आणि त्या तव्याच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू जात नव्हतं. मी वर्गाकडं धावलो, बाकांखाली बघितलं, परत आलो, तिसऱ्यांदा मोजली. तवा वाजतच होता. एकही ठोका चुकला नाही.

दुसरीतली एक मुलगी माझा शर्ट ओढत होती. मी खाली वाकलो. ती कानात ओरडली, "गुरुजी, ईश्वरी घरी गेलीया. तुमीच सोडली की!"

मी सरळ झालो आणि हात उचलला. तो खांद्यापर्यंत आला असेल. भिंत शेडवर आली.

धूळ खाली बसायच्या आधीच वस्तीवरची माणसं धावून आली. ट्रॅक्टर लावून दगड काढले. मुलांना जाधवबाईंनी दूर चिंचेखाली नेलं आणि सगळ्यांची तोंडं रस्त्याकडं करून बसवलं. फुलाबाई गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं की त्रास झाला नसेल. असं ते सगळ्यांनाच सांगतात.

संध्याकाळी ईश्वरीची आजी आली, मांडीवर थापट्या मारत रडत होती. म्हणाली, "जाताना मावशीनं पोरीच्या दाढंत लवंग दिली वो गुरुजी. म्हनली, घरी जाऊन निज, उद्या ये." म्हणजे ईश्वरी घरी गेल्याचं आम्हा मोठ्या माणसांत कुणाला पक्कं ठाऊक होतं, तर ते तिला. आवाज थांबवून मी एक शब्द विचारला असता तर तिनं सांगितलं असतं. पण मी आवाज थांबवू शकत नव्हतो आणि ती थांबवणार नव्हती.

चौकशी झाली. मी सगळं सांगितलं. फळ्यावरचा आकडा, हात, सगळं. चौकशीच्या नमुन्यात जखमी विद्यार्थी निरंक, मृत विद्यार्थी निरंक, जखमी शिक्षक निरंक असं लिहिलं गेलं. स्वयंपाक्यासाठी रकाना नव्हता. ती 'इतर' मध्ये आली. आराखड्याची अंमलबजावणी समाधानकारक, असा शेराही पडला. कुणी मला दोषी धरलं नाही, ह्याचा मला राग आला. आपली चूक वहीत लिहायला लावणारं माणूस आता राहिलं नव्हतं. दोन महिन्यांत निर्लेखनाचा आदेश आला. पडलेली खोली पाडायला परवानगी मिळाली.

चव नोंदवहीत त्या तारखेपुढं मी काही लिहिलेलं नाही. ती जागा तशीच कोरी ठेवून मी पुढं गेलो. बदलीच्या वेळी पदभार देताना नव्या मुख्याध्यापकांनी विचारलं, हे राहिलंय का? मी म्हटलं, हो, राहिलंय.

बदलीसाठी मी बारामती तालुका मागितला. घरच्यांना वाटलं मुलांच्या कॉलेजसाठी. पणदरे मिळालं. इथला तांदूळ तिकडच्यासारखाच आहे, खडे निघतात. कॅनालला कधी पाणी असतं, कधी नसतं. चारचौघांच्या गावासारखं गाव आहे. पहिल्या आठवड्यात मी गावभर फिरलो आणि मला इतकं रडू आलं की एका रसवंतीच्या मागं जाऊन तोंड धुवावं लागलं.

इथल्या आराखड्यात मी एक ओळ स्वतःच्या हातानं वाढवली आहे. सूचना देणारी व्यक्ती प्रथम बाहेर पडेल. घंटा मैदानाच्या मध्यावर, लिंबाच्या फांदीला आहे. ती मी वाजवतो. इथल्या स्वयंपाकीणबाईंचं नाव मुलांच्या आधी पुकारलं जातं. त्यांना त्याचं हसू येतं.

गेल्या वर्षी एक म्हातारा शाळेत आला. पांढरी टोपी, हातात काठी, डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा. म्हणाला, "फुलीच्या शाळंतलं गुरुजी तुमीच का? मी तिचा थोरला भाऊ." तात्या म्हणतात त्यांना गावात. मी खुर्ची दिली, चहा मागवला. बराच वेळ ते भिंतीवरचे तक्ते बघत बसले.

"गुरुजी, शेवटाला काय बोलली का ती?"

"नाही तात्या. घंटा वाजवत होती."

"शेवटपातूर?"

"हो."

"तशीच हुती ती," तात्या म्हणाले. "लहानपनी बी सांगितलेलं काम अर्धं सोडायची न्हाय." आणि त्यांच्या तोंडावर जे समाधान आलं ते माझ्याच्यानं बघवेना.

मी उठून दार लोटलं आणि त्यांना सगळं सांगितलं. तिला थांबू नको असं मीच बजावलं होतं. सगळ्यांदेखत रागावून बजावलं होतं. हात मी वर करायचा होता. तो मी केला नाही, मोजत बसलो. तात्या ऐकत राहिले. चहावर साय धरली.

"का न्हाय केला?"

"एक पोरगी कमी भरत होती."

"घावली का मंग?"

"ती घरी होती, तात्या. मीच पाठवली होती. मी विसरलो."

तात्यांनी काठी जवळ ओढली. उठायला वेळ लागला. मी हात दिला तो त्यांनी धरला. दारात थांबून म्हणाले, "पोरगी बरी हाय न्हवं आता?"

"चौथीत गेली."

"मंग झालं," ते म्हणाले आणि गेले.

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. अजून वाटतं.

तिचा फोटो नाही म्हणून, मला ती कशी दिसते ते इथं लिहून ठेवतो. पदर खोचलेला. डाव्या हातात बोल्ट, कारण उजवा भरून आला असणार. डोक्यावर, खांद्यावर मातीची भुकटी पडतेय. मागं काय चाललंय ते तिला ऐकू येतंय, पण ती मागं बघत नाही. ती मैदानाकडं बघतेय, रांगांच्या टोकाला, माझ्याकडं. हनुवटी वर केलेली आहे.

झालं का, गुरुजी?

आणि आवाज थांबला. माझा हात अजून वर झाला नव्हता.